मानमोडी, दुष्काळ आणि पेशीतली चूल

अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या लोकसंख्येचा शंभर-सव्वाशे वर्षांचा तक्ता समोर घेतला की एका ओळीवर नजर अडते. आजच्या हद्दी धरून मांडलेल्या आकड्यांनुसार १९११ मध्ये जिल्ह्यात सुमारे ९ लाख ४७ हजार माणसे होती; १९२१ मध्ये ती ७ लाख ३३ हजारांवर आली. दहा वर्षांत पाचातले एक माणूस, किंबहुना थोडे जास्तच, हिशेबातून गळाले. विसाव्या शतकात दुसऱ्या कोणत्याही दशकात या जिल्ह्याची लोकसंख्या घटलेली नाही. हा खड्डा कशाने पडला, याची दोन उत्तरे दिली जातात. एक म्हणजे १९१८ चा कोरडा पावसाळा आणि त्यापाठोपाठ १९२० चा दुसरा. दुसरे म्हणजे इन्फ्लुएंझाची साथ, जिला आपल्याकडे मानमोडी म्हणत. दुष्काळावर लिहिणारे साथीला एका परिच्छेदात आटोपतात आणि साथीवर लिहिणारे दुष्काळाला पार्श्वभूमी म्हणून मागे उभे करतात. माझे म्हणणे असे आहे, की संगमनेरसारख्या तालुक्यात या दोघांचे बळी वेगवेगळे मोजायला गेले की इतिहास हातातून निसटतो. भूक आणि विषाणू यांची गाठ माणसाच्या शरीरात एका विशिष्ट ठिकाणी पडत होती. ते ठिकाण म्हणजे पेशीतल्या तंतुकणिका, म्हणजेच मायटोकाँड्रिया. गेल्या पंचवीस वर्षांतल्या संशोधनामुळे आज तिथपर्यंत बोट नेता येते.

आधी तालुका. संगमनेर हे प्रवरा आणि म्हाळुंगीच्या संगमावरचे, पुणे-नाशिक रस्त्यावरचे जुने बाजाराचे गाव. १८६० पासून तिथे नगरपालिका आहे, आणि मागावर लुगडी-पागोटी विणणाऱ्या घरांमुळे त्याचे नाव होते. पश्चिमेला शेजारच्या अकोले तालुक्याच्या डोंगरात पाऊस झोडपून काढतो आणि पूर्वेकडे येता येता तो विरळ होत जातो. दक्षिणेचा पठार भाग, साकूर-घारगाव-बोट्याचा, तर पूर्णपणे पर्जन्यछायेतला. तिथला शेतकरी मृगाकडे डोळे लावून बाजरी पेरणार आणि दिवाळीच्या आसपास कणसे घरात आणणार, असा वर्षाचा क्रम होता. प्रवरेवर ओझरचा बंधारा होता, पण तो नदीला पाणी असेल तरच उपयोगाचा. नदीला बारमाही करणारे भंडारदऱ्याचे धरण १९१० मध्ये सुरू झाले आणि पुरे व्हायला १९२६ साल उजाडले. म्हणजे १९१८ साली भिंत अर्धवट उभी होती आणि खालचा सगळा प्रदेश आभाळाच्या भरवशावर होता.

त्या वर्षीचा पावसाळा गेल्या शतकातल्या सर्वांत कोरड्या पावसाळ्यांपैकी एक. बाजरी उभी वाळली, चाऱ्याचे हाल झाले. वर महायुद्ध चालू असल्याने धान्याची आणि रेल्वेच्या डब्यांची ओढ लष्कराकडे. ज्वारी-बाजरीचे भाव दुपटीच्या घरात गेले. मुंबईच्या गोदीत जून १९१८ मध्ये काही पोलीस शिपाई तापाने आजारी पडले होते, ती साथीची पहिली आणि सौम्य फेरी. दुसरी फेरी सप्टेंबरात आली आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात मुंबई शहरात एका दिवशी साडेसातशेहून जास्त मृत्यू नोंदले गेले. माणसे शहर सोडून गावाकडे निघाली आणि त्यांच्याबरोबर ताप घाट चढला. संगमनेरला रेल्वे नव्हती, आजही नाही. पण दौंड-मनमाड लोहमार्ग पूर्वेला बेलापूर-कोपरगावावरून जात होता, नाशिक आणि पुणे दोन्हीकडून बैलगाड्यांचा रस्ता वाहता होता, आणि आठवडेबाजार भरतच होता. ऑक्टोबर-नोव्हेंबर हे दोन महिने दख्खनेत सर्वांत वाईट गेले. म्हणजे साथ नेमकी कधी आली? खरिपाचे धान्य घरात यायला हवे होते आणि आले नाही, त्याच पंधरवड्यात. रब्बीची पेरणी करायलाही उभी माणसे कमी पडली. साथीनंतर देशात पेरा घटला, या आकड्यावरूनच पुढे १९६४ मध्ये थिओडोर शुल्ट्झ या अर्थशास्त्रज्ञाने भारतीय शेतीत ‘फुकटचे’ मनुष्यबळ नव्हते असा सिद्धांत मांडला आणि अमर्त्य सेन यांनी त्याच्याशी वाद घातला.

आता मृत्यूंचे वाटप पाहू. मुंबई इलाख्यात साथीने दहा लाखांच्या आसपास माणसे गेली, म्हणजे ढोबळपणे वीसातले एक. नगर जिल्ह्याला हेच प्रमाण लावले तर मृत्यू पन्नास हजारांच्या आसपास जातात. दुष्काळी जिल्हा म्हणून ते कमी असण्याचे काही कारण दिसत नाही. पण हे वीसातले एक कोण, हा प्रश्न जास्त बोलका आहे. मुंबई शहरात जातवार हिशेब ठेवला गेला होता. तिथे युरोपियनांमध्ये दर हजारी मृत्यू ८.३, पारशांमध्ये ९, आणि ज्यांना तेव्हा खालच्या जाती म्हणत त्या हिंदूंमध्ये ६१.६. विषाणू एकच, शहर एक, आठवडेही तेच. मृत्यूत सातपट अंतर. ग्रामीण भागातला असा तपशीलवार जातवार हिशेब हाताशी नसला तरी, जिथे धान्याचे कणगे रिकामे होते त्या पठारावर हे अंतर मिटले असेल असे मानता येत नाही.

या अंतराचे स्पष्टीकरण त्या काळच्या डॉक्टरांना देता येणे शक्यच नव्हते, कारण त्यांना रोगाचा कर्ताच ठाऊक नव्हता. फायफरने सांगितलेला जिवाणू हाच इन्फ्लुएंझाचे कारण, असे पुष्कळ जण धरून चालले होते. माणसातला इन्फ्लुएंझाचा विषाणू वेगळा काढला गेला तो १९३३ मध्ये, लंडनमध्ये. १९१८ चा मूळ विषाणू तर त्याहून कितीतरी उशिरा हाती लागला. अलास्कातल्या ब्रेव्हिग मिशन इथे गोठलेल्या जमिनीत पुरलेल्या एका स्त्रीच्या फुप्फुसाचा तुकडा योहान हुल्टिन यांनी मिळवला. तो आणि लष्करी रुग्णालयांत जपलेले जुने नमुने यांवरून जेफ्री टॉबेनबर्गर यांच्या गटाने १९९७ पासून एकेक जनुक वाचत २००५ मध्ये पूर्ण संहिता जुळवली. त्याच सुमाराला दुसरीकडे एक वेगळाच शोध लागला होता. २००१ मध्ये इन्फ्लुएंझाच्या एका जनुकात दडलेले पीबी१-एफ२ नावाचे छोटे प्रथिन सापडले, नव्वदीच्या आसपास अमिनो आम्लांचे. पेशीत तयार झाल्यावर ते सरळ तंतुकणिकांकडे जाते, हे पाहून संशोधक चकित झाले.

तंतुकणिका म्हणजे पेशीतली चूल. खाल्लेल्या भाकरीतून आलेली साखर आणि चरबी, श्वासातून आलेला प्राणवायू, यांचा मेळ तिथे बसतो आणि एटीपी या रूपाने वापरण्याजोगी ऊर्जा बाहेर पडते. कार्ल बेंडा यांनी १८९८ मध्ये तिला मायटोकाँड्रियॉन हे नाव दिले. योगायोग असा, की बायेरिंक यांनी तंबाखूच्या रोगाला जिवाणूपेक्षा वेगळा असा ‘विषाणू’ कारण असल्याचे त्याच वर्षी ठामपणे मांडले. या दोन शोधांची भेट व्हायला मात्र शंभर वर्षे लागली. चूल फक्त शिजवते असे नाही, हे विसाव्या शतकाच्या अखेरीस कळले. पेशीने मरायचे की नाही हा निर्णयही तिथेच होतो. तंतुकणिकेच्या आतले सायटोक्रोम-सी बाहेर गळले की पेशी स्वतःला मोडीत काढते. आणि २००५ मध्ये चार वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी जवळपास एकाच वेळी दाखवले, की विषाणू शिरल्याची वर्दी देणारे एमएव्हीएस नावाचे प्रथिन तंतुकणिकेच्या बाहेरच्या पटलावरच बसलेले असते. तिथून निरोप गेला तरच पेशी इंटरफेरॉन सोडते आणि शेजारच्या पेशी सावध होतात. ऊर्जा, मरण आणि वर्दी, तिन्ही कारभार एकाच जागी. विषाणूने ती जागा हेरावी यात नवल नाही. हिपॅटायटिस-सीचा विषाणू आपल्या कात्रीसारख्या प्रथिनाने एमएव्हीएस कापून टाकतो. कोविडच्या विषाणूचे ओआरएफ९बी हे प्रथिन तंतुकणिकेच्या दारावरच्या टॉम७० ला जाऊन चिकटते.

१९१८ च्या विषाणूने काय केले असेल ते एका पेशीपुरते पाहू. श्वासनळीच्या अस्तरात अशा पेशी असतात ज्यांच्या माथ्यावर दोनेकशे बारीक केसतंतू सतत हलत असतात आणि धूळ, कफ, जंतू यांना घशाकडे वर लोटत राहतात. हे वल्हवणे एटीपीवर चालते, म्हणून या पेशीच्या वरच्या भागात, केसतंतूंच्या मुळाशी, तंतुकणिकांची दाटी असते. विषाणू आत शिरला की काही तासांत पेशी त्याचीच प्रथिने घडवू लागते. पीबी१-एफ२ तंतुकणिकेच्या दारातून आत घुसते, आतल्या पटलावरच्या आणि बाहेरच्या पटलावरच्या वाहक प्रथिनांना धरते, आणि पटलाच्या दोन बाजूंमधला विद्युतभाराचा जो फरक एटीपी घडवतो तो ओसरतो. लांबट, एकमेकींना जोडलेल्या तंतुकणिकांचे तुकडे पडतात. भार ओसरला की एमएव्हीएसचा निरोपही क्षीण होतो. केसतंतू मंदावतात, पेशी गळून पडते, आणि घशात एरवी निमूटपणे राहणाऱ्या न्युमोकोकससारख्या जिवाणूंना फुप्फुसापर्यंतचा रस्ता मोकळा मिळतो. १९१८ च्या शवविच्छेदनांचे जुने नमुने पुन्हा तपासून मोरेन्स, टॉबेनबर्गर आणि फाउची यांनी २००८ मध्ये निष्कर्ष काढला, की बहुतेक मृत्यू पाठोपाठ आलेल्या जिवाणूजन्य न्युमोनियाने झाले. २००७ मधल्या प्रयोगांत पीबी१-एफ२ असलेल्या विषाणूने उंदरांमध्ये हा दुय्यम न्युमोनिया बळावतो असे दिसले होते. आणि त्याच वर्षी हेही कळले, की १९१८ च्या विषाणूत या प्रथिनाच्या ६६ व्या जागी एका अमिनो आम्लाऐवजी सेरीन आहे आणि तेवढ्या बदलाने त्याची मारकता वाढते.

आता हीच पेशी पठारावरच्या, ऑक्टोबर १९१८ मधल्या माणसाच्या श्वासनळीत ठेवून पाहा. चुलीत घालायला धान्य नाही, ही एक गोष्ट. ताप एक अंश सेल्सिअसने वाढला की शरीराचा ऊर्जेचा खर्च साधारण १० ते १३ टक्क्यांनी वाढतो. ताप चार अंशांनी चढलेला माणूस अंथरुणात पडूनही जणू हलके काम करत असतो. पण तंतुकणिकेला केवळ पिठूळ अन्न पुरत नाही. तिच्या साखळीत लोह लागते, रायबोफ्लेविन लागते, थायमिन लागते, नायसिनपासून घडणारे एनएडी लागते. ज्वारीवरच गुजराण करणाऱ्या दख्खनी गरिबांमध्ये नायसिनच्या तुटीचा पेलाग्रा आढळतो, हे हैदराबादमध्ये गोपालन आणि श्रीकांतिया यांनी १९६० च्या सुमारास दाखवले. ज्वारी-बाजरीच्या जोडीला डाळ, दूध, भाजी असते तेव्हा ही तूट भरून निघते. दुष्काळात आधी तीच जोड तुटते. कमी प्रथिनांच्या आहारावर वाढवलेल्या उंदरांच्या यकृतात तंतुकणिका बिघडतात आणि एटीपी घटते, असे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. त्याहून विलक्षण प्रयोग मेलिंडा बेक यांच्या गटाचा. सेलेनियम कमी मिळालेल्या उंदरांना त्यांनी इन्फ्लुएंझाचा सौम्य वाण टोचला. उंदीर गंभीर आजारी पडले, आणि त्यांच्या शरीरातून बाहेर आलेला विषाणूही बदललेला निघाला. म्हणजे कुपोषित शरीर विषाणूपुढे नमते एवढेच नाही, ते विषाणूला नवे वळणही देऊ शकते. तंतुकणिकेवर विषाणू एका बाजूने आणि भूक दुसऱ्या बाजूने, असा हा वेढा. अशा माणसाच्या मृत्यूच्या नोंदीत कोणते कारण लिहायचे?

इथे पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप येतो. ही साथ लहान मुले आणि म्हातारे यांच्याबरोबरच वीस ते चाळीस वयाच्या, हातापायाने धड असलेल्या लोकांना नेत होती. अमेरिकन लष्करी छावण्यांतले पोटभर जेवणारे जवानही मेले. मग भुकेचा संबंध काय? आक्षेप खरा आहे, आणि विषाणूची स्वतःची मारकता त्यातून सिद्ध होते. ती मी नाकारत नाही. पण वयाचा हा आलेख जगभर सारखा दिसतो, तर मुंबईतले ८.३ आणि ६१.६ यांमधले अंतर वयाने उलगडत नाही. आणखी एक पुरावा भारतातलाच आहे. अनेक देशांत पुरुष जास्त दगावले, भारतात मात्र त्या वयाच्या बायका जास्त गेल्या. घरात सगळ्यांचे झाल्यावर उरलेले खाणारी, बाळंतपणांनी लोह घटलेली, आजाऱ्यांची उठबस करणारी बाई. तिच्या तंतुकणिकांत साथीच्या आधीच काय कमी होते, हे वेगळे सांगायला नको. वयाच्या आलेखावर विषाणूची मुद्रा दिसते आणि जात-लिंगाच्या आलेखावर उपासमारीची.

कोणी म्हणेल, गरीब दाटीने राहत होते आणि त्यांना शुश्रूषा मिळाली नाही, एवढे कारण पुरे आहे. दाटीमुळे लागण वाढते हे खरे. पण या साथीत लागण जवळपास सगळीकडेच पसरली होती, फरक लागण झाल्यावर कोण वाचते यात होता. आणि शुश्रूषा म्हणजे तेव्हा काय होते? औषध नव्हतेच. तोंडाशी पाणी आणि वाटीभर पेज देणारे कोणी असणे, हीच शुश्रूषा. पेज म्हणजे ऊर्जा. घरातली सगळी माणसे एकाच आठवड्यात आडवी झाली की चूल पेटवणारे उरत नव्हते, आणि कणगीत काही नसेल तर पेटवूनही उपयोग नव्हता. हा आक्षेप पुरेसा लांब नेला की माझ्याच म्हणण्यापाशी येतो.

दुसरा आक्षेप प्रयोगशाळेतला आहे आणि तो मला जास्त गंभीर वाटतो. पीबी१-एफ२ चा परिणाम वाणागणिक बदलतो. उंदरात दिसले ते माणसात तसेच घडले असे नाही. २००९ च्या स्वाइन फ्लूच्या विषाणूत हे प्रथिन सुरुवातीलाच तुटलेले, जवळजवळ नसल्यासारखे होते, तरी त्या साथीत देशातला पहिला मृत्यू संगमनेरपासून दीडशे किलोमीटरच्या आत, पुण्यात झाला. आणि त्या विषाणूत ते प्रथिन मुद्दाम परत घातले तेव्हाही उंदरांत फारसा फरक पडला नाही. म्हणून एका प्रथिनावर १९१८ चा सगळा भार टाकणे चूक ठरेल, आणि इतिहासकाराने तर तो मोह टाळलाच पाहिजे. पण माझे म्हणणे त्या प्रथिनावर टेकलेले नाही. इन्फ्लुएंझाची बाधा झालेल्या पेशीत ऊर्जेची चणचण आणि तंतुकणिकांचा बिघाड अनेक वाटांनी होतो. पीबी१-एफ२ ही त्यातली एक वाट, १९१८ च्या वाणात नेमकी तीव्र झालेली. उपाशी शरीरात त्या साऱ्या वाटा एकाच जागी येऊन मिळतात, एवढेच मला म्हणायचे आहे.

तिसरा आक्षेप आकड्यांचा. १९२१ ची शिरगणती मार्चमध्ये झाली, १९२० चा पाऊस फसल्यानंतर. पुष्कळ माणसे तेव्हा मुंबईला किंवा कालव्याच्या गावांकडे गेलेली होती. मग खड्डा मृत्यूंचा कसा? याचे उत्तर पुढच्या शिरगणतीत आहे, आणि ते आक्षेप घेणाऱ्याच्या बाजूने जाते. १९३१ मध्ये जिल्ह्याची लोकसंख्या ९ लाख ९० हजारांवर पोहोचली, म्हणजे दहा वर्षांत ३५ टक्के वाढ. एवढी वाढ जन्मांनी होत नाही. गेलेले परत आले, आणि भंडारदऱ्याच्या पाण्याने उसाच्या कामावर बाहेरून नवेही आले. तेव्हा २ लाखांच्या घटीतला बराच भाग स्थलांतराचा होता, हे मान्य केले पाहिजे. सगळी घट मानमोडीच्या नावावर लिहिणारे इथे चुकतात. पण स्थलांतर वजा करूनही आपण आधी काढलेला पन्नास हजारांचा अंदाज तसाच उभा राहतो, आणि स्थलांतर हीसुद्धा भुकेचीच हालचाल होती. तीच माणसे रस्त्यांवर, धर्मशाळांत, कामाच्या छावण्यांत एकत्र येत होती.

शेवटचा आक्षेप नैतिक आहे. इतका खोल पेशीत जाऊन शोध घेतला की सरकारची जबाबदारी सुटते, दोष तंतुकणिकेच्या माथी जातो, असे काहींना वाटेल. मला नेमके उलटे दिसते. मृत्यू निव्वळ विषाणूमुळे झाले असे मानले, तर त्या काळच्या राज्यकर्त्यांना हात वर करता येतात. विषाणू कोणालाच थांबवता आला नसता. पण तंतुकणिकेत धान्याचा वाटा असेल, तर महागाई आटोक्यात न आणणे, युद्धासाठी धान्य वळवणे, दुष्काळी कामांवर अर्धपोटी मजुरी देणे, हे सगळे मृत्यूच्या कारणांच्या यादीत नावानिशी येते. भंडारदऱ्याची भिंत आठ वर्षे आधी पुरी झाली असती तर साथ थांबली नसती. मेलेल्यांची संख्या मात्र कमी झाली असती, असे मी पूर्ण विचाराने म्हणतो.

हे म्हणणे तपासून पाहता येण्यासारखे आहे. मुंबई इलाख्यात गावचे जन्म-मृत्यू पाटील-कुलकर्ण्यांच्या हातून नोंदले जात, आणि मानमोडीचे बहुतेक मृत्यू त्या वह्यांत निव्वळ ‘ताप’ म्हणून चढले. कारणाचा रकाना बाजूला ठेवावा. ओझरच्या कालव्याचे किंवा नदीकाठच्या विहिरींचे पाणी मिळणारी प्रवरेची गावे एका बाजूला घ्यावीत, पठारावरची कोरडी गावे दुसऱ्या बाजूला, आणि दोन्हीकडे ऑक्टोबर-नोव्हेंबर १९१८ चे मृत्यू आधीच्या पाच वर्षांतल्या त्याच महिन्यांशी ताडून पाहावेत. पुणे-नाशिक रस्त्यापासून सारख्या अंतरावरची गावे निवडली तर लागण पोहोचण्याचा फरक बराचसा वजा होईल. विषाणू एकटाच मारत होता असे असेल, तर दोन्हीकडे मृत्यूंची उसळी जवळपास सारखी निघेल. मी म्हणतो तसे असेल, तर पठाराची उसळी ठळकपणे मोठी असेल, आणि तिथल्या बायकांची त्याहून मोठी.